औंदा आपलंच!

कोल्हापुरातून पुणे-बंगळूर महामार्गानं दक्षिणेला निघालं की उजळाईवाडी मागं पडते, गोकुळ शिरगावची वसाहत मागं पडते, कणेरीच्या मठाची पाटी जाते आणि मग लक्ष्मी टेकडी येते. टेकडीपाशी वळलं की कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत लागते. हे 'पंचतारांकित' सरकारी आहे. रुंद रस्ते, पाणी, वीज आणि मुबलक जागा असलेल्या वसाहतीला सरकारनं दिलेलं ते बिरुद. पण मुंबईच्या आमच्या साडूंना मी एकदा 'हल्ली पंचतारांकितमध्ये असतो' असं बोलून गेलो, तेव्हापासून त्यांची माझ्याशी वागण्याची पद्धतच बदलली. दिवाळीला येताना ते पूर्वी पाव किलो चिवडा आणत, त्या वर्षी काजूकतली आणली. मी खुलासा केला नाही. काजूकतली चांगली होती.

या वसाहतीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात माझी बत्तीस वर्षांची नोकरी संपत आली आहे, म्हणजे आधीची काही वर्षं शहरातल्या जुन्या शेडमध्ये आणि बाकीची इथं. मी इतिहासाचा पदवीधर. शिवाजी विद्यापीठानं मला इतिहास शिकवला आणि कारखान्यानं तो कामगारांच्या हजेरीपुरता वापरला. तरी शिकलेलं वाया जात नाही म्हणतात. आमच्या कँटीनमध्ये बसून मी एका विषयाचा इतिहास गोळा केला आहे. राजांचा इतिहास लिहिला गेला, लढायांचा, किल्ल्यांचा, सनावळ्यांचा लिहिला गेला. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉलचा हंगाम सुरू होण्याआधी जी आशा वाटते, तिचा इतिहास मात्र कुणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही.

दसऱ्याचं सोनं लुटून झालं की ही आशा उगवते. दिवाळीत ती गुडघाभर होते. आणि डिसेंबरच्या आसपास शाहू स्टेडियमवर लीगचा पहिला चेंडू पडेपर्यंत ती उसासारखी डोक्याच्या वर गेलेली असते. तिचं घोषवाक्य एकच : "औंदा आपलंच!"

जरा हिशेब करा. कोल्हापूरच्या वरिष्ठ गटात सोळा संघ. जिंकणार एक. म्हणजे दर साल पंधरा तालमींची आशा खोटी ठरते, हे पाढे पाठ असलेल्या पोरालाही कळतं. इतक्या तोट्यात चालणारा कारखाना असता, तर बँकेनं केव्हाच टाळं ठोकलं असतं. पण पुढच्या दसऱ्याला सोळाही ठिकाणी उत्पादन पुन्हा पूर्ण क्षमतेनं सुरू!

ज्यांना कोल्हापूर माहीत नाही त्यांना हे संघ म्हणजे काय प्रकरण आहे, तेही सांगायला हवं. बाकीच्या गावांत क्लब असतात, आमच्याकडं तालमी आहेत. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, जुना बुधवार, उत्तरेश्वर, संध्यामठ, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी. नावावर जाऊ नका. बालगोपालचे बॅक पाहिले तर गोपाळ म्हणायची छाती होणार नाही. संध्यामठ हे नाव ऐकून कुणी मनःशांतीसाठी त्यांचा सामना बघायला गेला, तर ती त्याला मिळेलच असं नाही. दिलबहार एखाद्या पानाचं नाव वाटतं, पण समोरच्याला तोंड लाल करायला लावतात. प्रॅक्टिस क्लबचं नाव ऐकून बाहेरगावचा पाहुणा विचारतो, "अजून प्रॅक्टिसच चालू आहे का?" हा प्रश्न त्यानं मोठ्यानं विचारू नये. आणि ऋणमुक्तेश्वर! आमच्या कँटीनमध्ये पैज हरलेली माणसं या संघाकडं फार आशेनं पाहतात.

आता तालमीत कुस्ती सोडून फुटबॉल कुठून आला? कागलच्या जहागीरदार घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. (आमच्या वसाहतीतली कागलची माणसं हा मुद्दा दिवसातून एकदा तरी काढतात. कोल्हापूरला राजा आम्ही दिला, मग औद्योगिक वसाहत आमच्याकडं आली तर नवल काय, असा त्यांचा युक्तिवाद.) महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, वाटेत रोमचं प्राचीन क्रीडागार पाहिलं आणि परत येऊन खासबागेत कुस्तीचं मैदान उभं केलं. ते १९१२ मध्ये पुरं झालं. राजानंच लाल मातीला मानाचं पान दिल्यावर पेठेपेठेत तालमी भरू लागल्या. तालीम म्हणजे नुसता हौदा नव्हे. तिथं पेठेतल्या पोराला अंग मिळतं, नाव मिळतं आणि भांडायला हक्काची माणसं मिळतात. पुढं याच तालमींच्या पोरांना चेंडूचा नाद लागला, दरबारानं त्याही नादाला आश्रय दिला आणि १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. तिला आम्ही केएसए म्हणतो. कुस्तीत दोघांची ईर्षा असते, फुटबॉलमध्ये बावीस जणांची आणि बाहेर बसलेल्या काही हजारांची. कोल्हापूरला ईर्षेचा पुरवठा कधी कमी नव्हताच, फुटबॉलनं फक्त तिला मोठं भांडं दिलं.

मैदानाची जागाही ऐकण्यासारखी आहे. जुनं कोल्हापूर हे तळ्यांचं गाव. गाव वाढलं तशी एकेक तळी बुजली. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, कपिलतीर्थावर भाजी मंडई बसली आणि रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम आलं. गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी तुंबतं, तेव्हा जुनी माणसं म्हणतात की तळं आपली जागा परत मागायला आलं. शाहू स्टेडियमवर तसं होत नाही. तिथं तळ्याऐवजी माणसं तुंबतात.

माझे वडील शिवाजी उद्यमनगरात लेथवर होते. उद्यमनगर म्हणजे कोल्हापूरच्या कारखानदारीचं माहेर, मंगळवार पेठेला खेटून. आम्ही शिवाजी पेठेतले, म्हणून घराणं खंडोबाचं. वडिलांच्या काळातलं आशेचं कारण अगदी साधं असे : "पोरगा आपला आहे." पुढं काही नाही. हा पोरगा अमक्याचा, त्याचा आजा पैलवान, आई घट्टाकट्टी, घरी म्हैस. खिलारी खोंडाची पारख करावी तशी ही पारख. तो पोरगा सकाळी दूध प्यायला का, रात्री कुठल्या कट्ट्यावर किती वाजेपर्यंत होता, याची नोंद अख्ख्या गल्लीकडं असे. सामन्याच्या आदल्या रात्री त्याला सिनेमाच्या थेटरात कुणी पाहिलं, तर त्याच्या बापाआधी तालमीला कळायचं. संघ हरला तरी आशा टिकायची, कारण पोरगा कुठं जाणार? तो गल्लीतच राहणार, म्हशीचं दूध पिणार आणि पुढच्या वर्षी एका वर्षानं मोठा होणार.

वडिलांकडं आणखी एक हुकमी दाखला होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारत फ्रान्सशी खेळला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. सामना २-१ नं गेला आणि आपण दोन पेनल्टी घालवल्या. बाकी देशानं या सामन्यातून काय शिकायचं ते शिको. वडिलांचं अनुमान असं की, अनवाणी एक गोल, पेनल्टी धरल्या तर तीन, मग बूट घालून किती? आणि हे त्रैराशिक ते खंडोबाच्या पुढच्या सामन्याला लावत. बूट तर आमच्या पोरांना मिळाले होते!

पण त्या काळी आशेला एक मोठा आधार होता, तो अंतराचा. उद्यमनगरातून शाहू स्टेडियम पायी दहा मिनिटांवर. चारच्या सामन्याला पावणेचारला हात पुसून निघालं तरी जागा मिळे. मालकही पेठेतलाच, तोच पुढं चालत असे. हाताला कटिंग ऑइलचा वास, खिशात शेंगदाणे आणि तोंडात शिव्या अशा थाटात अख्खं उद्यमनगर मैदानावर उतरायचं. मशीनवरून उठून गेलेला माणूस सामना संपल्यावर परत येऊन तासभर जास्त काम करायचा. जिंकला तर आनंदानं, हरला तर घरी जायला नको म्हणून.

मग कारखाने मोठे झाले. उद्यमनगरात मावेनात. काही शिरोलीला गेले, काही गोकुळ शिरगावला आणि मग आमच्यासारखे कागलच्या पंचतारांकितमध्ये. पोटाला बरं झालं. शेड मोठी झाली, सीएनसी मशीनं आली, पगार वेळेवर होऊ लागला. फक्त मैदान वीस किलोमीटर लांब गेलं. लीगचे सामने दुपारी दोनला आणि चारला. आमची पहिली पाळी सुटते साडेतीनला. गेटवर पंचिंग, पार्किंगमधून गाडी, महामार्गावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, तावडे हॉटेलच्या बाजूनं जावं की शाहू नाक्यावरून यावर मागं बसलेल्याशी वाद. इतकं करून माणूस पोहोचतो तेव्हा मध्यंतर झालेलं असतं आणि पहिला हाफ त्याला शेजारच्याकडून, शेजारच्याच्या पेठेच्या दृष्टीनं, ऐकावा लागतो.

यावर उपाय म्हणजे रजा. आणि इथं माझा संबंध येतो.

डिसेंबरात आमच्याकडं रजेचे जेवढे अर्ज येतात तेवढे लग्नसराईतही येत नाहीत. अर्जात 'कारण' असा एक रकाना आहे. तो छापणारा माणूस कोल्हापूरचा नसावा. खेड्यावरून येणाऱ्या कामगारांचं या दिवसांत एक अगदी खरं कारण असतं : उसाला तोड आली. कारखान्याची टोळी कधी येईल ते ब्रह्मदेवालाही माहीत नसतं, त्यामुळं ही रजा कुणी नाकारत नाही. हे रहस्य पेठेतल्या मंडळींना कळलं. मंगळवार पेठेत दोन खोल्यांत राहणारा, दारातल्या कुंडीतल्या तुळशीपलीकडं सात पिढ्यांत मातीशी संबंध न आलेला मनुष्य लिहितो, 'उसाला तोड आली आहे, तरी अर्धा दिवस रजा मिळावी.' अर्ध्या दिवसात कुणाचा ऊस तुटतो? पण मी सही करतो. माझ्याकडं त्या आठवड्यातल्या सामन्यांची यादी असते. पाटाकडीलचा सामना असला की मंगळवार पेठेतला ऊस तुटतो, दिलबहारचा असला की रविवार पेठेतला. हा ऊस गाळपाला गेला असता तर जिल्ह्याचा उतारा एक टक्क्यानं वाढला असता.

टीव्ही आला तशी आशेची कारणंही बदलली. १९८६ च्या विश्वचषकात दूरदर्शनवर मॅराडोना दिसला आणि गल्लीतल्या पोराची तुलना आज्याऐवजी त्याच्याशी होऊ लागली. आता तर विश्वचषक आला की अर्धं कोल्हापूर ब्राझील आणि अर्धं अर्जेंटिना होतं. चौकाचौकात मेस्सी, नेमार, रोनाल्डोचे तालमीपेक्षा उंच फलक लागतात. २०२२ च्या डिसेंबरात अर्जेंटिना जिंकली तेव्हा आमच्या पॅटर्न शॉपचा एक जण पेढे घेऊन आला. मी म्हटलं, "मुलगा झाला?" तर म्हणाला, "न्हाई साहेब, वर्ल्ड कप झाला." त्याच्या आवाजात थकवाही तसाच होता.

हल्लीची तरुण इंजिनिअर मंडळी आशेसाठी इंग्लंडपर्यंत जातात. एका ट्रेनीनं कँटीनमध्ये लेस्टर सिटीचा दाखला दिला. २०१५-१६ च्या हंगामाआधी तिथल्या सट्टेवाल्यांनी त्यांच्या विजेतेपदाला एकास पाच हजार असा भाव लावला होता आणि ते खरंच इंग्लंडची लीग जिंकले. तेव्हा आपली तालीम का जिंकणार नाही? मोल्डिंगचे मामा भाकरी मोडत ऐकत होते. त्यांनी विचारलं, "लेस्टर म्हंजे कंची पेठ?" ट्रेनीनं सांगितलं, पेठ नव्हे, गावच आहे. "मग त्यांचं काय कौतुक?" मामा म्हणाले. "अख्ख्या गावाची एक टीम आसल्यावर जिंकणारच की. हितं सोळा हायत्या."

सगळ्यात मोठा बदल म्हणजे खेळाडूंच्या नोंदणीचा. पूर्वी पोरगा जन्मानं तालमीचा असे. आता हंगामाआधी केएसएकडं खेळाडूंची नोंदणी होते आणि त्या दिवसांत कोण कुठल्या तालमीतून कुठल्या तालमीत गेला याच्या बातम्या आमच्याकडं शेअर बाजारासारख्या येतात. मानधनाचे आकडे ऐकू येतात. आणि परदेशी खेळाडू येतात, नायजेरियाचे, घानाचे. अशा खेळाडूची वर्दी कँटीनमध्ये आधी लागते, तो नंतर येतो. सोमवारी त्याची उंची सहा फूट असते. बुधवारी सहा-तीन. शुक्रवारी तो दारातून वाकून आत येतो आणि त्याच्या किकनं कुठल्याशा मैदानावर गोलपोस्ट वाकलेलं असतं. शनिवारी आमचा एक जण प्रत्यक्ष बघून येतो आणि गप्प बसतो. खोदून विचारल्यावर म्हणतो, "माझ्याएवढाच हाय. पर पायात जादू हाय म्हंत्यात." एवढं मात्र कबूल केलं पाहिजे की महिन्याभरात ही पोरं 'भावा' म्हणायला शिकतात, आणि त्यातला कुणी गोल मारून पेठेच्या प्रेक्षकांपुढं हात जोडतो तेव्हा त्याचा देश कुठला हे कुणी विचारत नाही.

माझे सासरे मंगळवार पेठेतले, पाटाकडीलचे. खंडोबाच्या घरात मुलगी दिली ही त्यांच्या आयुष्यातली एकमेव तडजोड. पाडव्याला ओवाळणी झाली की ते मला शेजारी बसवून विचारतात, "काय म्हणतोय जावईबापू, तुमचा संघ?" या प्रश्नातला 'तुमचा' हा शब्द ते असा उच्चारतात की जिलेबी कडू लागावी. यंदा त्यांना मी विचारलं, "मामा, तुमच्या संघात या वेळी पेठेतले किती?" ते थोडा वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "अकरात का बेंचवर?"

मला वाटतं, आशेच्या इतिहासातली खरी फाळणी इथं झाली. 'पोरगा आपला आहे' या कारणाची जागा 'पोरगा आणलाय' या कारणानं घेतली. विकत घेतलेली आशा जास्त जोरकस असते, पण तिला हंगामाची मुदत असते. मे महिन्यात ती गाशा गुंडाळून दुसऱ्या पेठेत जाते. आणि पैसा लावला म्हटल्यावर पराभव सोसण्याची ताकदही कमी होते. मध्यंतरी काही वर्षं मैदानावर दगड पडले, खुर्च्या मोडल्या, सामने थांबवावे लागले, पोरांवर गुन्हे दाखल झाले. 'औंदा आपलंच' म्हणणारी वीस वर्षांची पोरं पुढं पासपोर्टच्या आणि नोकरीच्या चौकशीत अडकली. आमच्या टाइम ऑफिसात पोलीस पडताळणीचे कागद येतात, त्यामुळं मला हे ठाऊक आहे. याला कुणी ईर्षा म्हणू नये. ईर्षेला समोरचा संघ लागतो, खुर्ची नव्हे.

त्या मानानं २०२० साल फार शांत गेलं. मार्चमध्ये टाळेबंदी आली, हंगाम अर्ध्यावर राहिला आणि पुढं कित्येक महिने मैदान ओस पडलं. मोल्डिंगच्या मामांनी तोंडावरचा मास्क खाली करून सांगितलं, "आख्ख्या कोल्हापुरात एक बी संघ हरला न्हाई बगा या साली." तरी त्या दसऱ्याला, एकमेकांपासून सहा फुटांवर बसून, कँटीनमध्ये तीच चर्चा झाली. फक्त जरा मोठ्यानं.

आमची फौंड्री असल्यामुळं आशेची तपासणीही आमच्याच भाषेत होते. कास्टिंग साच्यातून निघतं तेव्हा देखणं असतं. वरून गुळगुळीत, टोलावलं तर खणखणीत. पण मशीनवर चढवून दोन मिलिमीटर कापलं की आत ब्लो होल दिसतं, वायूचा अडकलेला बुडबुडा. मग सगळं भंगारात. हंगामाआधीचा प्रत्येक संघ हे न कापलेलं कास्टिंग. ब्लो होल कुठं आहे ते पहिल्या तीन सामन्यांत कळतं : बॅक पळत नाही, गोली उंच चेंडूला बिचकतो, आणलेला फॉरवर्ड पास देत नाही. पण कोल्हापुरी माणूस भंगारही टाकत नाही, ते पुन्हा भट्टीत घालतो. लीग गेली की म्हणतो, लीग म्हणजे सराव, खरी मजा नॉकआउटला. आणि लीगनंतर नॉकआउटच्या स्पर्धा इतक्या असतात, कुणाच्या ना कुणाच्या नावाचा चषक असा सारखा चालू असतो, की जूनचा पाऊस पडेपर्यंत आशेला घरी जायला सवडच मिळत नाही.

या सगळ्या गलक्यात एक माणूस कधी बोलत नसे. मशीन शॉपचे मिस्त्री. ते स्वतः आठ हंगाम हाफ खेळले. नाव मोठं होतं. मी त्यांना खेळताना पाहिलं आहे : चेंडू त्यांच्याकडं आला की मैदान जरा हळू चालायचं. मग गुडघा गेला. तेव्हा गुडघ्याची शस्त्रक्रिया हा मोठ्या लोकांचा उद्योग होता. तालमीनं वर्गणी काढली, मालिशवाला लावला, गुडघा आला नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी ते लेथवर उभे राहिले आणि आजवर उभेच आहेत, डाव्या पायावर जरा जास्त भार टाकून. कँटीनमध्ये कुणी विचारलं, "मिस्त्री, औंदा कसं?" तर म्हणत, "बघू." एवढंच. सोळा संघांच्या सोळा आशांमध्ये ही एक 'बघू' ढेकळासारखी पडून असायची.

त्यांचा मुलगा आयटीआय करून आमच्याकडंच ट्रेनी ऑपरेटर लागला. वीस वर्षांचा. पाय बापाचे. मिस्त्रींनी त्याला खेळू नको असं कधी म्हटलं नाही, पण त्याची मॅच बघायलाही कधी गेले नाहीत. कायम होण्याआधी त्याची हजेरी बिघडू नये एवढीच त्यांची काळजी. 'चेंडू पोटाला घालत न्हाई साहेब,' असं एकदा मला म्हणाले होते, आणि ते खोटं कसं म्हणावं? २०१७ साली कोल्हापूरचा अनिकेत जाधव सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा कँटीनमध्ये पोरांनी टाळ्या पिटल्या. दिल्लीतले तिन्ही सामने भारत हरला, तरी पोरं म्हणत होती, आपल्या गावचा पोरगा टीव्हीवर खेळला. मिस्त्री म्हणाले, "चांगलं झालं. बाकीच्यांचं काय?" बाकीचे म्हणजे दरवर्षी नोंदणी होणारी ती शेकडो पोरं. ती तिशीच्या आत कुठल्यातरी शेडमध्ये पंच करून आत येतात. त्यांची कार्डं मीच बनवतो.

यंदा त्या पोराची वरिष्ठ गटात नोंदणी झाली. आणलेला नव्हे, गल्लीतलाच. बातमी कँटीनमध्ये पोहोचली तेव्हा मामांनी ताटावरून उठून त्याच्या पाठीत असा गुद्दा घातला की हंगामाआधीच जायबंदी व्हायचा. "पोरगा आपला हाय!" मामा ओरडले. चाळीस वर्षांनी ते जुनं कारण पुन्हा माझ्या कानावर पडलं. मी मिस्त्रींकडं पाहिलं. ते ताकाचा पेला विसळत होते.

दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या वेळी मिस्त्री माझ्या खिडकीशी आले. बत्तीस वर्षांत ते माझ्याकडं स्वतःसाठी काही मागायला आले नव्हते.

"साहेब, पोराचं बोलायचं होतं."

मला वाटलं, रजा देऊ नका म्हणून सांगायला आले. मी म्हटलं, "मिस्त्री, नियमाप्रमाणं ट्रेनीला रजा फार नाहीत."

"रजा नकोच," ते म्हणाले. "डिसेंबर-जानेवारीला त्याला तिसरी पाळी लावा."

तिसरी पाळी म्हणजे रात्रपाळी. ती आमच्याकडं कुणी मागत नाही. ती टाळण्यासाठी लोक डॉक्टरची चिठ्ठी आणतात, लग्न पुढं ढकलतात. मी म्हटलं, "दोन महिने सलग? का हो?"

मिस्त्रींनी बोटांवर हिशेब मांडला. रात्री काम. सकाळी साडेसातला सुटला की साडेआठला घरी. दूध पिऊन दीडपर्यंत झोप, चारची मॅच असली तर. दोनची असली तर साडेबाराला उठवायचं. हजेरी एक दिवस बुडत नाही. "झोप तेवढी पुरली पायजे," ते म्हणाले. "मी गल्लीत सांगून ठेवलंय, दुपारी कुणी गाड्या फिरवायच्या न्हाईत."

म्हणजे सगळं ठरवून आले होते. मी पाळीचा तक्ता काढला आणि नाव तिसऱ्या पाळीत घातलं. ते जायला वळले, थांबले आणि म्हणाले, "आणि साहेब, मला पयली पाळी असू द्या. साडेतीनला सुटलो की दुसरा हाफ तरी गावतोय."

पाळीचा तक्ता फळ्यावर लागला त्याच संध्याकाळी माझ्या खिडकीत अकरा अर्ज येऊन पडले. अकराही जणांना तिसरी पाळी हवी होती. कारणाच्या रकान्यात अकरांनीही लिहिलं होतं, उसाला तोड आली आहे.

रात्री?